वाफेवरचं मीठ

दूध जळलं ते मला शिवांजलीनं सांगितलं, आणि मी शेगडीपासून दोन हातांवर मेथी निवडत व्हते. ही माझी नात, कुमारची पोरगी, बारावीला हाय. आतल्या खोलीतनं नाकाला ओढणी लावून पळत आली, "आज्जी, अगं केवढा वास सुटलाय, तुला कळंना का?" म्हणली, गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि परत अभ्यासाला गेली. तिच्या लेखी गोष्ट संपली. म्या पातेल्यात वाकून बघितलं. बुडाला काळी साय धरलेली. नाक जवळ नेलं, आणखी जवळ नेलं, गरम हवा तेवढी नाकात शिरली. मग हिंगाची डबी उघडली. लसणाची पाकळी ठेचली. गुडघ्याला चोळायचं मलम आणलं, न्हाणीघरातलं फिनेल आणलं, एकेकाचं झाकण काढून हुंगत बसले. काही म्हणता काही न्हाय. डबीतलं हिंग आणि बाटलीतलं फिनेल मला एकसारखंच. मी आपली ओट्याला टेकून उभी राहिले आणि पहिला विचार कसला आला म्हणाल तर बाजारवाल्या बाईचा. भादव्यात मला आठ दिस ताप आला व्हता, तवापासनं मी तिच्याशी दर रविवारी भांडत व्हते की तुझ्या कोथिंबिरीला वास न्हाय, सगळी खतावरची हाय. ती बिचारी जुडी माझ्या नाकाशी धरायची. तीन महिने म्या साऱ्या जिन्याला सांगितलं, जमिनीतला कस गेला, लसूण लसूण राहिला न्हाय, तूप तूप राहिलं न्हाय. खालच्या मजल्यावरच्या दोघीतिघींनी तर माझं ऐकून बाजारवाली बदलली.

मला मतं लई हायत, हे मी नाकारत न्हाय. उपाशीपोटी चहा प्यायचा न्हाय. ज्वारीची भाकरी खाणाऱ्याला दवाखान्याची पायरी उशिरा दिसते. फ्रिजमधली कणीक म्हंजे शिळं तोंड. कुमार जिल्हा परिषदेत कारकून हाय, दिवसभर खुर्चीत बसतो आणि संध्याकाळी पोट उतरवायला जिममधल्या पट्ट्यावर पळतो. पळून जायचंय कुठं, पट्टा तर जागचा हलत न्हाय. त्यापरीस रोज जिना उतरून दळण आण म्हणावं. सून दीपाली शाळेत मास्तरीण, परंड्याची लेक, शिकलेली, बोलायला सावकाश. ती सकाळी ते ओट्स खाते. म्या एकदा बघितलं, आमच्या म्हशीला बाळंतपणात असलं भिजवून घालायचो. तिला तसं सांगितलं बी. ती हसली आणि म्हणली, "मग म्हस चांगली राहिली न्हवं, आत्या?" तिचं उत्तर मला आवडलं, पण तसं दाखवलं न्हाय, सासूनं सगळंच दाखवायचं नसतं. रक्तदाबाची गोळी मी घेते, साखर बी थोडी हाय, पण घरातल्या माणसांनी एका वेळेला एका ठिकाणी बसून जेवलं तर निम्म्या गोळ्या कमी होतील, हे माझं मत कुठल्याबी डाक्टरपुढं सांगायची तयारी हाय. हे सगळं मी बोलू शकते कशाच्या जिवावर? स्वयंपाक माझ्या हातात हाय म्हणून. ताटात वाढणाऱ्या बाईचं मत लोक ऐकतात, ताट समोर येणाऱ्या बाईचं कोण ऐकतं? माझी जाऊ हरणाबाई अणदूरला हाय. तिच्या हातनं एकदा तेलाची कढई कलंडली, तवापासनं पोरानं तिला बसवली. "आई, तू आता बस." लई प्रेमानं बसवली. पलंगावर ताट येतं, पाण्याचा तांब्या येतो, आणि भाजी कसली करायची हे तिला भाजी झाल्यावर कळतं. मागच्या दिवाळीत मी गेले तवा ती भिंतीकडं बघून म्हणली, "कस्तुरे, आता मला भूकच लागत न्हाय गं." तो 'बस' शब्द मला त्या दिवशी ओट्याजवळ ऐकू आला. नाक गेल्याचं कुमारला कळलं की तो शब्द येणार. गॅस सुटला तर कळायचा न्हाय, घरात पोर हाय, आई तू आता बस. त्याचं काही चुकीचं बी न्हाय, हीच तर अडचण. म्या मलमाचं झाकण लावलं, पातेलं राखेनं घासावं तसं घासलं आणि दीपाली शाळेतनं आली तवा तिला सांगितलं की दूध उतू गेलं.

आणि येळवस आठ दिवसांवर. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला सारं गाव शेतात जेवायला जातं. आम्ही राहतो त्या धाराशिव शहरातबी त्या दिवशी रस्त्यावर कुत्रं दिसत न्हाय. कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, आंबील, गव्हाची खीर असा नैवेद्य दाखवायचा, मग पंगत. भज्जी म्हणजे तळलेली भजी न्हवं. तुरीचे दाणे, वाटाणा, पावटा, ओला हरभरा, शेंगदाणे, मेथी, आंबट चुका, जे शेतात असंल ते सगळं उकडून बेसनात शिजवायचं. आमची अणदूरला चार एकर हाय, आणि आमच्या शेतातल्या भज्जीचं नाव हाय, हे मी म्हणत न्हाय, लोक म्हणतात. कुमारच्या हापिसातले, दीपालीच्या शाळेतले, भावकीतले, चाळीस माणूस दरसाल येतंच. आता ह्यात मेख अशी की आमच्या घरात नैवेद्य चाखत न्हाईत. देवाच्या आधी जिभेला लागलं की ते उष्टं. रोजचंबी तसंच, आधी देवाची वाटी, मग आपली ताटं. अंघोळ मात्र सैपाक उरकून, देवापुढं जायच्या आधी. मीठ कळायचं ते वाफेवर. हे माझ्या सासूनं, गंगम्मानं, ह्या घरात आणलं. ती कानडी मुलखातली, आळंदच्या बाजूची, उंच, काळी, कमी बोलणारी. मी लग्न होऊन आले तवा सतरा वर्षांची, आणि पहिल्याच येळवसला म्या पळीतनं थेंब तळहातावर घेऊन चाखला. आईच्या घरी आम्ही चाखायचो, मला काय ठावं. गंगम्मानं बघितलं. ओरडली न्हाय, मारलं न्हाय. पातेलं उचललं आणि सगळीच्या सगळी भज्जी म्हशीच्या टोपल्यात ओतली. मग पदर खोचून परत पहिल्यापासनं वाटाणे सोलायला बसली, आणि मला समोर बसवलं. शेतात माणसं दुपार कलंस्तवर उपाशी बसून. नवी भज्जी उकळायला लागली तवा तिनं माझी मान धरून वाफेवर वाकवली. "कच्चं पीठ नाकात पुढं आलं म्हणजे मीठ कमी. पीठ मागं सरलं आणि चुका पुढं आला म्हणजे बरोबर. दोन्हीबी मागं सरलं, नुसतं गरम लागलं, तर संपलं, मीठ जास्त." म्या धीर करून विचारलं व्हतं, वास घेतला तर देवाला चालतं का? हुंगलेलं फूल चालत न्हाय. ती म्हणली, "आपुन वाफंकडं जात न्हाय. वाफ आपल्याकडं येती." तिचं बोलणं असं असायचं, त्यावर पुढं काय बोलायचं कळायचं न्हाय. तीन साल लागले मला. चौथ्या साली तिनं माझ्या हातात पळी दिली आणि कोपीत जाऊन बसली. मालक, म्हणजे रामकिसन, माझ्या हातची भज्जी खाऊन आईकडं बघून म्हणले, "आज तुझ्या हाताला वेगळीच गोडी हाय." गंगम्मा म्हणली, "हात तिचा हाय." मला एवढा आनंद पुढं कुमार झाला तवाच झाला.

जीभ माझी शाबूत हाय. मीठ, तिखट, आंबट कळतं, फक्त चव म्हणून जे काय असतं ते येत न्हाय, ओल्या कागदावर मीठ टाकून खाल्ल्यासारखं लागतं. म्हणजे चाखलं तर प्रश्न सुटत व्हता. आठ दिस मी ह्याच विचारात. कोण बघतंय? गंगम्माला जाऊन तीस वर्षं झाली. मालक गेले. देवाला काय, देव दगडाचा, असं म्हणणारी माणसं मी बघितलीत, ती बी सुखानं जगतात. एका दुपारी घरात कुणी न्हवतं, आमटी उकळत व्हती, म्या पळी तोंडापाशी नेली. हात तिथंच थांबला. बावन्न वर्षं जो हात तोंडाकडं गेला न्हाय तो एका दुपारीत कसा जाईल? देवाची भीती म्हणावी तर तेवढी बी न्हाय. मला म्हशीचं टोपलं दिसत व्हतं, त्यात माझी पहिली भज्जी, आणि गंगम्माची वाकलेली पाठ. पळी परत पातेल्यात सोडली. आणि एक गोष्ट मला समजंना, तीन महिने मी आंधळ्यासारखी मीठ घालतेय, तरी जेवताना ते बरोबर कसं लागतं? मग म्या स्वतःला समजावलं की हात शिकलाय, नाकाचं काम आता हातच करतो. म्हातारपणी माणूस स्वतःवर किती लवकर खूश होतं बघा.

येळवसच्या दिवशी पहाटं पाचला आम्ही सासवा-सुना उठलो. फ्लॅटातल्या ओट्यावर चाळीस माणसांची भज्जी करायची म्हणजे एक अख्खी शेगडी त्या पातेल्यालाच जाते, बाकीचं सगळं दुसरीवर. आंबील आदल्या दिवशीच आंबवून मडक्यात भरली व्हती. कुमारनं ते मडकं खाली नेऊन गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा बांधला. शिवांजलीनं त्याचा फोटो काढला, म्हणली, "आज्जी, तुझी जागा गेली." सगळी हसली, मीबी हसले. दीपालीनं उंडे वळले, म्या बेसन कालवलं, फोडणी टाकली, दाणे टाकले. मीठ टाकलं. ओंजळीचा अंदाज मला हाय, तेवढं टाकलं. मग पीठ फुटायला लागलं, जाड बुडबुडे यायला लागले, ती वेळ. म्या डोळे मिटून वाफेवर तोंड नेलं. वाफ गालाला लागली, चष्मा धुरकटला. पीठ पुढं न्हाय, चुका पुढं न्हाय, नुसतं गरम. गंगम्माच्या हिशोबानं मीठ जास्त. पण मला तर साध्या पाण्याची वाफबी तशीच लागणार. तेवढ्यात कुमारनं खालनं हाक मारली, खुर्च्यांचा टेंपो आलाय, पैसे किती सांगितले व्हते? म्या खिडकीतनं ओरडून सांगितलं. परत आले तर समोर मिठाचा डबा उघडा, आणि मला आठवंना. टाकलं का टाकायचं हाय? हाताला मीठ लागलेलं व्हतं, पण ते आधीचं का आत्ताचं? दीपाली पाठमोरी, उंड्याच्या वाफेत. तिला विचारायचं तर सगळंच विचारावं लागलं असतं. म्या आणखी एक ओंजळ टाकली, ढवळलं, झाकण ठेवलं, "उतरव गं पाच मिनिटांनी," असं म्हणून अंघोळीला गेले.

न्हाणीघरात जाऊन बादली भरली तवा ध्यानात आलं की चष्मा ओट्यावर राहिला. परत आले. स्वयंपाकघराला आमच्या दार न्हाय, आताच्या घरांना नसतंच. दीपालीची पाठ माझ्याकडं. झाकण बाजूला. तिनं पळीतनं थेंब तळहातावर घेतला, फुंकला, आणि चाटला. मग तिनं हात ओट्यावर टेकला, मान खाली घातली आणि तशीच उभी राहिली. मला सगळं एका वेळेला कळलं. रोज मी भाजी उतरवून अंघोळीला जायची, रोज ही मागं राहायची. तीन महिने. माझ्या शिकलेल्या हाताचं कौतुक मी मनात करत व्हते तो हात हिचा. आणि राग आला, खोटं का बोलू, अंगाची लाही झाली. नैवेद्य! येळवसचा! सतरा वर्षांची नवरी न्हाय ही, चाळिशीची बाई, तिला नेम माहीत हाय, म्याच शिकवलाय. तोंड उघडलं व्हतं मी. ती वळली. म्हणली, "आत्या, रोजचं निभत व्हतं. देवाची वाटी मी आधी काढून ठेवायची, मगच चाखायची. आजचा नैवेद्य शेतात, ह्याच पातेल्यातनं वाढायचा, तसं जमणार न्हवतं. चाळीस माणसं यायलीत. काल दिवसभर ठरवत व्हते, हात लावायचा का न्हाय. पाप असंल तर मला लागू द्या."

"कधीपासनं कळलंय तुला?" म्या विचारलं.

"तुमच्या तापानंतर चार दिसांनी. गॅसचं बटण नीट लागलं न्हवतं, तुमी शेजारीच बसला व्हता."

"कुमारला सांगितलंस?"

"न्हाय."

"का?"

तिनं पळी खाली ठेवली. "ते तुमाला बसवतील." एवढंच म्हणली. मग म्हणली, "आणि मला तुमच्या हातचं खायला आवडतं, आत्या. माझी आई मी सातवीत असताना गेली. उठून सैपाकघरात आलं की कुणीतरी आधीच तिथं असतं, हे मला ह्या घरात आल्यावर मिळालं."

म्या आपलं विचारलं, "कसं झालंय?"

"खारट," ती म्हणली. "लई खारट, आत्या. तोंडात धरवंना."

खालनं कुमारनं गाडीचा भोंगा वाजवला. मग मात्र मला काम सुचायला लागलं, बरं वाटलं. म्हणलं, पाणी घालू नको, पाण्यानं मीठ पसरतं, चव मरते. निम्मी भज्जी दुसऱ्या पातेल्यात काढ. फ्रिजमधी तुरीचे दाणे ठेवलेत उद्याच्यासाठी, ते उकड, बिनमिठाचे. बेसन ताकात कालव. चुका आता न्हाय, आंबट वर चढंल, मेथी घाल, मेथी मीठ ओढते. ती भराभरा करत गेली, मी सांगत गेले, तिनं एकदाबी उलटं विचारलं न्हाय. शिवांजली केस विंचरत डोकावली तर मी पदर पसरून वाटेत उभी राहिले, "देवाचं चाललंय, तिकडं थांब." चाळीस माणसांची भज्जी साठ माणसांची झाली. दोन्ही पातेल्यांना उकळी आली. दीपाली पळी हातात घेऊन माझ्याकडं बघायला लागली.

"दे इकडं," म्या म्हणलं.

"आत्या, तुमी नका. एकदा मी चाखलंय, मीच चाखते."

"पाप काय एकटीनं करायची गोष्ट हाय का? सरक."

थेंब तळहातावर घेतला. हात आपसूक थांबला, अर्ध्या वाटेवर. म्या चाटलं. मीठ व्हतं, जिथं पाहिजे तिथं व्हतं, बाकीचं काही न्हवतं. मग तिनं चाखलं आणि मान हलवली. दोघींनी हात धुतले आणि मी अंघोळीला गेले.

शेतात ज्वारी कमरेच्या वर आलेली, करडीला काटे धरायला लागलेले. माणसं जमली. कोपीत कुमारनं पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले व्हते. हरणाबाईला पोरांनी खुर्चीसकट उचलून बांधावर आणून बसवलं व्हतं, म्या तिला हातानं बोरं नेऊन दिली. नैवेद्याचं ताट दीपालीनं वाढलं आणि माझ्या हातात दिलं. मी कोपीत वाकून शिरले, मागं कुमार कापराची आरती घेऊन, त्याच्या मागं सगळी पंगत उभी, टोप्या घालून, डोक्यावर पदर घेऊन. ताट खाली ठेवलं. पाण्याचं मंडल केलं. आता 'गोड मानून घ्या' म्हणायचं, एवढंच उरलं व्हतं. कुणाला कळणार न्हवतं. दीपाली बोलणार न्हवती, मला ते ठावं. मी वर मान करून त्या दगडांकडं बघितलं आणि मला ते खोटं गिळवंना. पाप तिनं माझ्यापायी केलं, आणि मी तिला त्यात एकटी उभी करून पंगतीत वाहवा घ्यायची? आणि उद्या, परवा, पुढच्या साली? ती किती दिस चोरून माझं मीठ सांभाळणार?

"देवा, ऐका," म्या मोठ्यानं म्हणलं. "हे उष्टं हाय. माझं नाक गेलंय, भादव्यापासनं, मला वाफ कळत न्हाय. भज्जी खारट झाली व्हती. माझ्या सुनंनं चाखून बघितली म्हणून माणसांच्या तोंडात घालण्याजोगी झाली. आधी तिनं चाखली, मग म्या चाखली. तुमचा घास तिसरा हाय. चालत असंल तर घ्या, न्हायतर बाहेर म्हस बांधलीय."

दीपाली कोपीच्या तोंडाशी उभी राहून तोंडाला पदर लावून रडत व्हती, मला तिचा आवाज ओळखू आला.

"आई," कुमार म्हणला. "भादव्यापासनं? आणि तू गॅसपाशी…"

"ते घरी गेल्यावर बोल. मी काही बसायची न्हाय, आधीच सांगून ठेवते. तिचं नाक आणि माझे हात, असं चालंल." मी गुडघ्यावर हात ठेवून जराशी बाजूला सरकले आणि त्याला पुढं जागा करून दिली. "बघत काय उभा राहिलास? ओवाळ. कापूर विझायलाय, आणि लोकं उपाशी हायत."